धाब्याच्या छपराची जीर्णता
लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर केवळ दुरुस्तीने सुरक्षित राहू शकत नाही व ते उतरवून नवे घालावे लागते, ती अवस्था. अशा छपरास नासिक जिल्ह्याच्या पूर्व भागात व खानदेशात ‘धाबे’, तर मराठवाडा व सोलापूरकडे ‘माळवद’ म्हणतात. ते कमी पावसाच्या प्रदेशातच टिकते. एकट्या नासिक जिल्ह्यातही हा भेद दिसतो : पश्चिमेकडील इगतपुरीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात तीव्र उताराची कौलारू छपरे, तर पर्जन्यछायेतील नांदगाव, मालेगाव या भागांत धाब्याची घरे रूढ झाली. आता त्यांची जागा बहुतांशी पत्र्यांनी व काँक्रीटने घेतली असली, तरी जुन्या वस्त्यांतून धाब्याखाली राहणारी कुटुंबे अद्याप आहेत.

रचना : खांबांवर वा भिंतींवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा काटक्या बसवितात. त्यांवर पाला अंथरून चिखलाचा थर देतात व शेवटी खारवट पांढरी माती पसरून ती चोपतात. या मातीत सोडियमाचे प्रमाण अधिक असल्याने तिचे सूक्ष्म कण ओलाव्याने विलग होऊन फुगतात व छिद्रे बुजवितात; त्यामुळे पाणी खाली न मुरता हलक्या उतारावरून पन्हळीकडे वाहून जाते. जाड थरामुळे घर उन्हाळ्यात थंड राहते.

जीर्ण होण्याची कारणे : पावसाने वरची माती थोडीथोडी धुपते, म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकण्याची प्रथा आहे. ही प्रथा योग्य असली, तरी धुपलेल्या मातीपेक्षा टाकलेली माती अधिक असल्यास थर वाढत जातो. चोपलेल्या मातीचे वजन घन मीटरला सु. १,७०० किग्रॅ. धरल्यास ३० सेंमी. जाडीच्या थराचा भार दर चौ. मी.स सु. ५०० किग्रॅ. होतो, म्हणजे ४ मी. × ३ मी. खोलीवर सु. ६ टन. थर दर वर्षी १ सेंमी.ने वाढला, तर दहा वर्षांत या खोलीवर आणखी सु. २ टन भार पडतो. याच काळात वाळवी, भुंगेरे व ओल यांमुळे लाकूड मात्र दुबळे होत असते. भार वाढत जाणे आणि आधार क्षीण होत जाणे, हेच धाबे कोसळण्याचे मूळ कारण होय. गळती थांबविण्यासाठी टाकलेली मातीच अशा रीतीने घातक ठरू शकते.

लक्षणे : केवळ गळती हे छप्पर बदलण्याचे लक्षण नव्हे. पृष्ठावरील भेगा, उंदरांची बिळे, उगवलेले गवत किंवा तुंबलेली पन्हळ यांमुळे होणारी गळती दुरुस्तीने थांबते. एकाच जागी वारंवार गळणे आणि तेथे वर पाण्याचे डबके साचणे, हे मात्र खालची कडी वाकल्याचे चिन्ह असू शकते.

सांगाड्याची तपासणी खालून करावी. तुळयांची भिंतीत गेलेली टोके प्रथम कुजतात, कारण तेथे ओल टिकते व हवा लागत नाही. दाभण टोचले असता ते सहज आत शिरल्यास किंवा हातोडीच्या हलक्या ठोक्याने पोकळ, बद्द आवाज आल्यास लाकूड आतून गेले असे समजावे. स्वयंपाकघरातील काजळीने भेगा झाकल्या जातात, म्हणून तेथील लाकूड घासून पाहावे. जुने लाकूड थोडे वाकलेले असतेच. त्यामुळे तुळईखाली दोरी ताणून बाक मोजावा व पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावा. वाढत जाणारा बाक हा मूळच्या बाकापेक्षा अधिक गंभीर होय. फळ्यांच्या फटींतून नव्याने माती गळू लागणे, तुळईखालची भिंत चिरणे वा फुगणे, खांब खचणे आणि दारे अचानक अडकू लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. संततधार पावसात ती दिसल्यास खोली तत्काळ रिकामी करावी. माती टाकण्यासाठी वर चढू नये.

निर्णय : लाकूड शाबूत व थर बेताचा असल्यास पृष्ठाची दुरुस्ती पुरते. थर फार जाड झाला असेल, तर नवी माती टाकण्यापूर्वी जुनी काढावी. एकदोन कड्याच कुजल्या असल्यास टेकू देऊन तेवढ्याच बदलाव्यात. मुख्य तुळया, त्यांची टोके किंवा अनेक कड्या निकामी झाल्यास संपूर्ण छप्पर उतरविणे इष्ट. हे काम उन्हाळ्यात करावे. आधी टेकू द्यावेत, माती दोन्ही बाजूंनी सारखी काढावी आणि तिचा ढीग छपराच्या मध्यावर करू नये.

जड छपराचा धोका ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात प्रकर्षाने दिसला. चिखलात बांधलेल्या दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. उलट, जेथे लाकडी खांबांचा सांगाडा मजबूत होता, अशा काही घरांच्या भिंती पडूनही छप्पर उभे राहिले.

इतर छपरांशी तुलना : अमेरिकेत प्रचलित असलेल्या डांबरी चकत्यांच्या छपराचे आयुष्य साधारणतः १५ ते ३० वर्षे असते. चकत्यांवरील खनिज कण झडून पन्हळीत जमणे, कडा वळणे व चकत्या तडकणे ही त्याच्या वार्धक्याची चिन्हे होत. तेथे प्रथम आच्छादन जीर्ण होते. धाब्यात आच्छादन दर वर्षी नवे होते आणि जीर्ण होतो तो न दिसणारा आधार. धाब्याऐवजी जस्तलेपित पत्रे घातल्यास भार पुष्कळ घटतो. परंतु असे छप्पर स्वतःच्या वजनाने जागी राहत नसल्याने ते आकड्यांच्या बोल्टांनी घट्ट जखडावे लागते. त्याखाली उष्णताही अधिक जाणवते.

धाब्याचे वय वर्षांत मोजून फारसे कळत नाही. पावसाळ्याच्या आधी व नंतर थराची जाडी, तुळयांची टोके आणि बाक या तीन गोष्टी नियमाने पाहिल्यास छप्पर कोसळण्यापूर्वी ते उतरविण्यास बहुधा पुरेसा अवधी मिळतो.