बर्फात कोंडलेली हवा

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेले हिम वितळत नाही. थरावर थर साचतो आणि वरच्या भाराने खालचे हिम दबून त्याचा बर्फ होतो. व्होस्तोक या सोव्हिएत तळासारख्या ठिकाणी सुमारे शंभर मीटर खोलीवर हिमकणांमधल्या फटी मिटतात व हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. या हवेतून जुने वातावरण मोजता येईल, हे फ्रेंच हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियस (१९३२–२०२३) यांना १९६५ मध्ये अंटार्क्टिकातल्या अदेली लँडमध्ये सुचले. खोलवरच्या बर्फाचे तुकडे व्हिस्कीत टाकल्यावर बुडबुडे सुटू लागले होते. ही कथा फार रंगवून सांगितली जाते. त्याआधी १९५७ मध्ये शार्को तळावर, बर्फात गाडलेल्या खोपटात, दोन सहकाऱ्यांसह त्यांनी काढलेला हिवाळा मात्र सांगायचा राहतो.

त्या काळचे तापमान कळते ते बर्फाच्या पाण्यावरून. पाण्याच्या काही रेणूंत ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असतो; थंडी जितकी जास्त, तितके हिमात त्याचे प्रमाण कमी.

व्होस्तोक इथे १९८३ मध्ये उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तिथल्या खोल छिद्रातून बर्फाचे लांब दंडगोल काढले जात. भारामुळे छिद्र मिटू नये म्हणून त्यात रॉकेलसारखा द्रव भरावा लागे. त्यामुळे प्रयोगशाळेत दंडगोलाची बाहेरची बाजू तासून टाकत. आतला तुकडा निर्वात पात्रात चुरडून मोकळी झालेली हवा तपासत. एक मेख होती: फटी उशिरा मिटत असल्याने हवा भोवतालच्या बर्फापेक्षा हजारो वर्षांनी तरुण असते. हा फरक न धरता काढलेला आलेख फसवा ठरतो.

लोरियस, झां झुझेल, दोमिनिक रेनो आणि सोव्हिएत सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये १,६०,००० वर्षांची नोंद मांडली. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २०० च्या आसपास, उबदार काळात २८० पर्यंत. तापमान त्याच्याबरोबरच खालीवर होत होते. आज हे प्रमाण ४२० च्या पुढे आहे. पुढच्याच वर्षी हवामानबदलावरील आंतरसरकारी समिती, आयपीसीसी, स्थापन झाली.

त्याच सुमारास लोरियस अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीचे अध्यक्ष होते. १९८८ मध्ये या खंडावरील खाणकामाला नियमांच्या चौकटीत वाट देणारा करार तयार झाला. लोरियस खाणकामाच्या विरोधात होते. फ्रान्स व ऑस्ट्रेलियाने पाठ फिरवल्याने तो करार बारगळला. १९९१ च्या माद्रिद करारपत्राने वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांशी संबंधित सर्व हालचालींवर बंदी घातली. ते १९९८ पासून लागू आहे.