केटी, क्रेडिट, डिफॉल्टर लिस्ट : कॉलेजच्या पहिल्या वर्षी या शब्दांचा अर्थ माहीत हवाच

बारावीपर्यंत फक्त टक्के विचारले जायचे. आता कॉलेजच्या ग्रुपवर 'सबमिशन कधी?', 'डिफॉल्टर लिस्ट लागली' असे मेसेज येतात आणि अर्थ विचारायचा कुणाला, असा प्रश्न पडतो. सुरुवात क्रेडिटपासून करा, कारण निकालाचा हिशेब त्यावरच चालतो.

यूजीसीच्या चौकटीत १५ तासांची लेक्चर किंवा ३० तासांची प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. निकालात विषयाचं वजन त्यावरून ठरतं. समजा, चार क्रेडिटच्या विषयात तुम्हाला ८ ग्रेड पॉइंट मिळाले आणि दोन क्रेडिटच्या विषयात १०. सरासरी ९ वाटते. पण चार गुणिले आठ ३२, दोन गुणिले दहा २०, एकूण ५२ भागिले सहा, म्हणजे ८.६७. हेच उलट झालं तर ९.३३! सोप्या, छोट्या विषयात पैकीच्या पैकी मिळवून मोठा विषय भरून निघत नाही, तो असा. हा झाला एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचा मिळून सीजीपीए. टक्के काढताना मात्र सरळ दहाने गुणू नका, आपल्या विद्यापीठाचं सूत्र पाहा.

एटीकेटी म्हणजे 'अलाऊड टू कीप टर्म्स'. विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं. 'केटी सगळ्यांनाच लागते' असं सीनिअर सांगतील. पण राहिलेल्या विषयांची मर्यादा ओलांडली, की वर्ष जातं. ही मर्यादा अभ्यासक्रमानुसार बदलते. शिवाय प्लेसमेंटला येणाऱ्या अनेक कंपन्यांची 'लाइव्ह केटी नको' अशी अट असते. लाइव्ह म्हणजे अजून न सुटलेली.

इंटर्नल गुण कॉलेज देतं : टेस्ट, असाइनमेंट, जर्नल, ओरल. अनेक अभ्यासक्रमांत इंटर्नल आणि लेखी, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. त्यामुळे जर्नलवरची सही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा सरांच्या केबिनबाहेर रांग असते.

हजेरी कमी, बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांखाली, गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये. आजारी पडलात तर मेडिकल सर्टिफिकेट तेव्हाच द्या.

कमावलेली क्रेडिट २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. कॉलेज बदलताना किंवा शिक्षणात खंड पडल्यावर ती उपयोगी पडतात. आयडी डिजिलॉकरवरून काढता येतो. त्याआधी कॉलेजच्या अर्जातलं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते तपासा.