पंचाहत्तरवाल्या रोहूचं रक्त

भिवंडीच्या मासळीबाजारात रोहू घ्यायला आलेलं माणूस आधी त्याचा कल्ला उचलून बघतं. आत लालभडक दिसलं तर मासा ताजा. फिकट, मातकट दिसलं तर पुढची टोपली! तो लाल रंग रक्तातल्या तांबड्या पेशींचा, म्हणजे त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनचा. एवढं तुम्ही शाळेत शिकला असालच. पण माशाच्या तांबड्या पेशीत एक चीज अशी असते, जी तुमच्या-माझ्या तांबड्या पेशीत नसते. ती म्हणजे केंद्रक.

आपल्या तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि रक्तात उतरण्याआधीच केंद्रक टाकून देतात. (म्हणून तर रक्ताच्या डागावरून डीएनए शोधतात, तेव्हा तो मिळतो पांढऱ्या पेशींमधून. तांबड्या अगदी कोऱ्या!) मासे, बेडूक, कोंबड्या यांच्या तांबड्या पेशी मात्र केंद्रक सांभाळून ठेवतात. आणि केंद्रकात असतात गुणसूत्रं.

माणसाची गुणसूत्रं 46, रोहूची 50. त्यातली 25 आईकडची, 25 बापाकडची. आता कुणी म्हणालं, की मला 75 गुणसूत्रांचा रोहू हवा, तर? मिळू शकतो! माशाच्या अंड्यात गुणसूत्रांचा एक जादा संच असतो. शुक्राणू आत शिरला, की अंडं काही मिनिटांतच तो संच इवल्याशा गोळीत भरून बाहेर ढकलतं. नेमक्या त्या वेळी अंड्यांना गरम किंवा गार पाण्याचा झटका दिला, किंवा जबरदस्त दाबाखाली ठेवलं, की ढकलण्याचं काम अडतं. जादा संच आतच राहतो. 25 आणि 25 आणि 25! अशा माशाला म्हणतात त्रिगुणित.

यात सगळा खेळ मिनिटांचा. नदीत मासे अंडी कधी घालतील याची वाट बघत बसलात, तर झटका देणार कधी? ती अडचण आधीच सुटली होती. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हवी तेव्हा अंडी घालायला लावलं होतं. पुढे 1990 साली पी. व्ही. जी. के. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहू-कटलाची गुणसूत्रं वाढवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे मुंबईत वर्सोव्याला 1961 पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. माशांची आनुवंशिकी हा तिथे शिकण्याचाच विषय आहे.

पण हा खटाटोप कशाला? तीन-तीन गुणसूत्रांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून त्रिगुणित माशांना सहसा पिल्लं होत नाहीत. अंडी भरण्यात जाणारी ताकद वाचते, आणि मासा चुकून नदीत पळाला तरी त्याची प्रजा वाढत नाही.

आता त्याच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरू, रंग देऊ आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघू. गुणसूत्रं दीडपट, म्हणून केंद्रक जवळपास दीडपट. आणि त्याला सामावणारी अख्खी पेशीही मोठी, लांबोडकी. मग या माशाच्या अंगात रक्त जास्त? हिमोग्लोबिन जास्त? नाही! पेशी मोठ्या झाल्या, तशी त्यांची संख्या घटली. एकूण हिमोग्लोबिन जवळपास तेवढंच.

भिवंडीतल्या मुलांना हे झटकन कळेल. गोदामातला माल छोट्या टेम्पोंऐवजी मोठ्या ट्रकांतून न्यायचा ठरवला, तर माल तेवढाच राहतो, गाड्या कमी लागतात. पण ट्रक रिकामा करायला वेळ लागतो, कारण माल जास्त आणि दार एकच. मोठ्या पेशीचंही तसंच. आत हिमोग्लोबिन भरपूर, पण ऑक्सिजनची ये-जा होते ती पेशीच्या पृष्ठभागातून, आणि आकारमानाच्या मानाने तो कमी पडतो. एरवी काही बिघडत नाही. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी तापलं, त्यातला ऑक्सिजन घटला, की त्रिगुणित मासे बऱ्याचदा आधी दमतात.

पेशी मोठ्या, मग मासा राक्षसाएवढा का होत नाही? हाच प्रश्न अमेरिकेत प्रिन्स्टनला गेर्हार्ड फांकहाउझर यांना पडला होता. 1940 च्या दशकात ते न्यूट नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरावर काम करत होते. त्यांच्या पाच संचांच्या न्यूटमध्ये पेशी चांगल्याच मोठ्या, पण प्राणी नेहमीएवढाच! मूत्रपिंडाची जी बारीक नळी एरवी अनेक पेशी मिळून बनवतात, ती इथे एकेका पेशीने स्वतःला वाकवून बनवली होती. हे ऐकून खुद्द आइनस्टाइनही चकित झाले होते. मला तर ती वाकलेली पेशी रोहूच्या रक्तापेक्षाही भारी वाटते! म्हणजे शरीर पेशी मोजत बसत नाही. एकूण माप कसंतरी ओळखतं. ते कसं, यावर संशोधन अजून चालू आहे.

या मोठ्या केंद्रकाचा व्यवहारातही उपयोग होतो. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, पण त्याची वीण वाढली तर तलावात पान शिल्लक राहायचं नाही. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत फक्त त्रिगुणित गवत्या सोडायला परवानगी आहे. त्याची गुणसूत्रं 48 ऐवजी 72. दिसायला दोघे सारखेच, म्हणून विकणारे प्रत्येक माशाच्या रक्ताचा थेंब घेऊन यंत्रावर केंद्रकाचं आकारमान मोजतात. मग सरकारी निरीक्षक येतो, काही मासे उचलून पुन्हा तपासतो. त्यात एक जरी 48 वाला निघाला, तरी सगळी खेप नापास.