बहुभाषिक विकसक परिषदा आणि वसई-विरारमधील संगणकशास्त्र अध्यापन

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रोग्रामिंगची भाषा हा एक विषय असतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र प्रत्येक भाषेभोवती माणसांचा एक समुदाय उभा असतो. जावा, पायथन, रुबी, पीएचपी या भाषांच्या समुदायांचे संकेत, चाचणीच्या पद्धती आणि चांगल्या आज्ञावलीबद्दलच्या कल्पना परस्परांहून भिन्न आहेत. हे समुदाय एका छताखाली आणणाऱ्या विकसक परिषदांचे स्वरूप आणि वसई-विरार परिसरातील विद्यार्थी व प्राध्यापकांच्या दृष्टीने त्यांचा उपयोग यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिषदेचे स्वरूप

शैक्षणिक परिषदेत शोधनिबंधाचे वाचन होते व तो पुढे प्रकाशित होतो. विकसक परिषदेत निबंधाऐवजी अनुभव मांडला जातो : एखादी प्रणाली कशी उभारली, कोठे अडली, कशी सुधारली. बीजभाषण, समांतर दालने, प्रत्यक्ष कार्यशाळा आणि पाच मिनिटांची लघुभाषणे हे तिचे प्रमुख घटक होत. लघुभाषणाचे प्रचलित इंग्रजी नाव २००० साली पर्ल भाषेच्या परिषदेत रूढ झाले आणि नंतर तो प्रकार इतर समुदायांनीही स्वीकारला. परिषदेचा आकृतिबंधच अशा रीतीने एका समुदायाकडून दुसऱ्याकडे गेला.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे २००९ ते २०२३ या काळात भरलेली 'स्ट्रेंज लूप' ही परिषद विविध भाषांच्या विकसकांना एकत्र आणण्यासाठी प्रसिद्ध होती. ब्रुसेल्स येथील 'फॉसडेम' विद्यापीठाच्या आवारात भरते, तेथे प्रवेशशुल्क नसते आणि प्रत्येक समुदाय आपापली खोली स्वतः चालवितो. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या सिम्बायोसिस संगणक अभ्यास व संशोधन संस्थेत २००३ पासून अनेक वर्षे भरलेली 'ग्नूनिफाय'. पुण्यातील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाच्या सहकार्याने आणि विद्यार्थ्यांच्या श्रमावर ती उभी राहिली. नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (सीओईपी) फेडोरा प्रकल्पाची परिषदही भरली होती. अशा परिषदेसाठी पंचतारांकित सभागृह अपरिहार्य नाही, महाविद्यालयाच्या वर्गखोल्या पुरेशा ठरतात, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मिश्रणाचे महत्त्व

प्रोग्रामिंगमधील अनेक महत्त्वाच्या कल्पना समुदायांच्या सीमा ओलांडून आल्या आहेत. पायथनमध्ये २००० साली आलेली यादी-रचनेची संक्षिप्त पद्धत हॅस्केलवरून घेतली आहे. सी-शार्पमध्ये २०१२ साली आलेली 'असिंक-अवेट' ही रचना २०१५ मध्ये पायथनने आणि २०१७ मध्ये जावास्क्रिप्टने स्वीकारली. फलन-आधारित भाषांतील लॅम्डा ही संकल्पना २०१४ साली जावामध्ये आली.

एलिक्झिर या भाषेचे उदाहरण अधिक बोलके आहे. दूरध्वनी केंद्रांसाठी एरिक्सन कंपनीत निर्माण झालेली अर्लांग ही भाषा एकाच वेळी असंख्य कामे बिनचूक हाताळण्यासाठी नावाजलेली. परंतु तिची वाक्यरचना अनेकांना अपरिचित वाटे. रुबी ऑन रेल्सच्या मुख्य गटात काम केलेल्या जोझे वालिम यांनी अर्लांगच्याच यंत्रणेवर चालणारी आणि रुबीसारखी वाचनीय एलिक्झिर भाषा निर्माण केली. केवळ आपल्याच भाषेच्या वर्तुळात वावरणाऱ्यास असा संयोग सुचणे कठीण होते.

वसई-विरारच्या संदर्भात

वसई रोड येथील विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून, तर विरारमधील विवा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २००९ पासून कार्यरत आहे. येथील विद्यार्थ्यास पुण्याच्या परिषदेस जायचे झाल्यास पहाटेची लोकल धरून दादरला उतरावे लागते व तेथून मध्य रेल्वेने पुढे जावे लागते. प्रवास, मुक्काम आणि बुडणारी प्रात्यक्षिके यांचा हिशेब केला, तर ही संधी स्वस्त नाही. एवढे करून विद्यार्थी दोन्ही दिवस परिचित भाषेच्याच दालनात बसला, तर पाठ्यपुस्तकात मिळणारेच पुन्हा ऐकून तो परततो.

यास दुसरीही बाजू आहे. मिश्र परिषदेत विषयाची खोली कमी पडण्याचा संभव असतो. काही भाषणे प्रायोजकांच्या जाहिरातीकडे झुकतात. व्याख्याने बहुधा इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी प्रश्न विचारण्यास संकोचतो. तथापि मुक्त स्रोत प्रकल्पांत मराठीचे ज्ञान हे भांडवल ठरते. फायरफॉक्स मराठीतून उपलब्ध होणे किंवा लोहित देवनागरीसारखा टंक मुक्तपणे मिळणे, यांमागे भाषा जाणणाऱ्यांचे श्रम आहेत.

प्राध्यापकांसमोर वेगळी अडचण असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीतील गुणांकनात परिषदेतील निबंधवाचनाला स्थान होते. विकसक परिषदेत शोधनिबंध नसतो, म्हणून तेथील सहभाग अशा मोजमापाच्या चौकटीत सहज बसत नाही. परिणामी ज्या मंचावर विषयाचे उपयोजित ज्ञान सर्वांत ताजे असते, तेथेच अध्यापकांची उपस्थिती विरळ राहण्याचा धोका निर्माण होतो.

उपाययोजना

यासाठी महाविद्यालय स्तरावर पुढील गोष्टी शक्य आहेत. परिषदेस जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येकास एक अपरिचित दालन नेमून द्यावे. दोन सत्रांमधील चहाच्या वेळेत वक्त्यांशी बोलण्यासाठी प्रश्न आधीच लिहून न्यावेत, कारण व्हरांड्यातील संवाद हा अशा परिषदेचा गाभा असतो. परतल्यावर प्रत्येकाने विभागात मराठीतून पाच मिनिटांचे लघुभाषण द्यावे. प्राध्यापकांनी आपल्या अनुभवाचे टिपण विभागाच्या वार्षिक अहवालात नोंदवावे.

समारोप

परिषदेला जाणे हा पहिला टप्पा होय. पुढील टप्पा ती आपल्या परिसरात आणण्याचा. वसई, नालासोपारा व विरार येथील महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एखादा रविवार, काही वर्गखोल्या आणि तीन-चार भाषांची दालने एवढी व्यवस्था केली, तरी प्रवासखर्चाअभावी मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांस अपरिचित दालनाचे दार आपल्याच गावात उघडे होईल.