संशोधनाची चर्चा चारचौघांत

नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरला नव्या संशोधनावर बोलायला तज्ज्ञ शेजारी मिळतोच असे नाही. ही उणीव समाजमाध्यम भरून काढू शकते. डॉक्टरांनी ते टाळू नये. उदाहरणार्थ, २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर शोधनिबंध आला. ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण, आणि कोविडमध्ये हे औषध घातक असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवलाही. पण ट्विटरवर जाणकार आकडे तपासू लागले. ऑस्ट्रेलियातले मृत्यू सरकारी नोंदीपेक्षा जास्त कसे? खंडोखंडीचे रुग्ण इतके एकसारखे कसे? मूळ माहिती तपासायला मिळालीच नाही आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. नियतकालिकातल्या पत्रव्यवहाराला एवढा वेग कधीच नव्हता.

कोविडवरचे औषध म्हणून आयव्हरमेक्टिनचा गाजावाजाही समाजमाध्यमांनीच केला, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याला आधार देणारा इजिप्तमधला निबंध जुलै २०२१मध्ये मागे घेतला गेला, तो लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने आकडेवारी उघडून पाहिली म्हणून. रुग्णांच्या गोपनीयतेचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. लहान गावात नाव झाकून भागत नाही. वय, व्यवसाय आणि एक्स-रेवरची तारीख एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समाजमाध्यमांविषयी सूचना असलेली नियमावली ऑगस्ट २०२३मध्ये काढली आणि त्याच महिन्यात स्थगित केली. पण मूळ निबंधाचा दुवा देणे, औषध कंपनीशी संबंध असल्यास सांगणे आणि रुग्णाची ओळख पटेल असे काहीही त्याच्या संमतीशिवाय न टाकणे, यासाठी नियमावलीची वाट पाहावी लागत नाही.