स्कूबा डायव्हिंगनंतर विमानात केव्हा बसावे?

आमच्या वेरूळ-खुलताबाद भागातूनही आता सुटीत लोक मालवण-तारकर्लीला, अंदमानला जातात आणि स्कूबा डायव्हिंग करतात. निघण्यापूर्वी उलटी-जुलाबाच्या गोळ्या आठवणीने लिहून घेतात. परतीचे विमान कधीचे आहे, हे मात्र मलाच विचारावे लागते.

पाण्याखाली 10 मीटरवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. या दाबाखाली श्वासातल्या हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला कित्येक तास लागतात. तेवढ्यात विमानात बसलात, तर केबिनमध्ये हवेचा दाब कमी असतो, साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंच डोंगरावर असतो तितका. मग सोड्याची बाटली उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, आणि दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास विमान टाळावे. मी सरसकट 24 तास सांगतो. डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला उरका, खरेदी शेवटच्या दिवशी करा. पाण्यावर तरंगत केलेले स्नॉर्केलिंग यात मोजू नका. सी-वॉक मात्र मोजा, कारण त्यात हेल्मेटमधून दाबाखालची हवा मिळते.

‘आम्ही तर गाडीने येणार’ असे म्हणणाऱ्यांनी घाट विसरू नये. हे तास साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीलाही लागू आहेत आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या उथळ डाइव्हनंतर धोका फार कमी असतो, तरी त्या रात्री मालवणातच मुक्काम करा.

खांदा, कोपर किंवा गुडघा दुखणे, मुंग्या, बधिरपणा, पायात अशक्तपणा, चक्कर, धाप, लघवी अडणे यांपैकी काही एका दिवसाच्या आत जाणवले, तर विमान रद्द करा. आडवे व्हा, ऑक्सिजन मिळवा, लगेच रुग्णालय गाठा. पुन्हा पाण्यात उतरून पाहू नका. खरा उपचार हायपरबेरिक चेंबरमध्ये होतो. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात ती सोय आहे. डॉक्टरांना ‘डायव्हिंग केले होते’ हे आधी सांगा, नाहीतर वेदनाशामक गोळी देऊन तुम्हाला घरी पाठवले जाईल.