रिकाम्या परतीचा धूर

नागपूरहून अमरावती रोडने निघालं की वाडीत गोडाऊन आणि ट्रकांच्या रांगा सुरू होतात. एका मोठ्या कंपनीच्या अहवालासाठी कार्बनचे आकडे गोळा करायला मी तिथल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसलो होतो. धूर मोजायचं यंत्र कुठेच नव्हतं. मुनीमजींनी समोर ठेवली ती डिझेलच्या पावत्यांची फाइल. पंपावरची पावती थर्मल कागदाची. उन्हाळ्यात पत्र्याखाली तिची शाई उडून जाते. म्हणून मुनीमजी प्रत्येकीची झेरॉक्स काढून ठेवतात. जीएसटीसाठी नव्हे, ड्रायव्हरशी हिशोब जुळावा म्हणून.

पावतीवरच्या लिटरांवरून धूर काढायचा: एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. मुनीमजी हसले. "लिटरचं वजन किलोभरही नाही भाऊ, अन् धूर अडीच किलो?" शंका रास्त होती. डिझेलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि नव्या वायूत वजनाचा मोठा वाटा त्या ऑक्सिजनचाच असतो.

विजेचं काम दहा मिनिटांचं. बिलावरची युनिटं घ्यायची आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या गुणकाने गुणायची. युनिटमागे साधारण ०.७ किलो. बल्ब वाडीत लागतो, धूर मात्र कोराडीसारख्या एखाद्या चिमणीतून निघतो. हा 'स्कोप दोन'. स्वतःच्या ट्रकचं नि जनरेटरचं डिझेल हा 'स्कोप एक'. २००१ साली आलेल्या, हरितगृह वायूंच्या हिशोबाच्या जीएचजी प्रोटोकॉलची ही वाटणी आता जगभर चालते. माल पाठवणाऱ्या कंपनीच्या वहीत मात्र याच ट्रकचा धूर 'स्कोप तीन' म्हणून जातो. "म्हणजे आमच्याही नावावर अन् त्यांच्याही?" हो, दोन्हीकडे. बेरीज एकत्र करायची नसते, एवढंच.

खरी अडचण परतीची. वीस टन माल घेऊन ७०० किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर धरले तर १७५ लिटर, म्हणजे ४६९ किलो. टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे, साडेतेहतीस ग्रॅम, आकडा देखणा. पण ट्रक रिकामा परतला, लिटरला पाच धरले, तर आणखी १४० लिटर, म्हणजे ३७५ किलो. आता तोच आकडा साठ ग्रॅमवर जातो. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, परतीचा मागमूस नसतो, कारण रिकाम्या गाडीची बिल्टी फाटतच नाही.

काही कंपन्या याहून सोपी वाट धरतात: वर्षभराच्या भाड्याचे रुपये घ्यायचे आणि त्यावरून धूर काढायचा. मला ही पद्धत अंदाजापुरतीच बरी वाटते. दिवाळीत भाडं चढलं की कागदावर धूरही चढतो. घासाघीस करून भाडं पाडलं की प्रदूषण 'घटतं'. सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, पण त्यात स्कोप तीन ऐच्छिक ठेवला. तो रकाना कोरा सोडणं सोपं का, ते या फाइलीपाशी बसल्यावर कळतं.

शेवटी आम्ही पावत्या सोडून ट्रकांच्या लॉगबुकाकडे वळलो. निघतानाचं किलोमीटर, पोचल्याचं, परत आल्याचं. मुनीमजींनी पेन्सिलने एक नवा रकाना आखला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून ड्रायव्हर सांगत होता, रिटर्न लोड मिळालाच नाही, रिकामाच येऊन राहिलो.

"थांब," मुनीमजी म्हणाले, "आधी किलोमीटर सांग."